घरच्या सुरीला दगडावर धार लावताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरायला लागली की बहुतेक घरांत नवी सुरी येते, नाहीतर सायकलवर चाक बसवून फिरणाऱ्या धारवाल्याची वाट बघितली जाते. खरं तर चांगल्या पोलादाची साधी सुरी वर्षानुवर्षं वापरता येते. त्यासाठी एक दगड, थोडं पाणी आणि सुरुवातीला अर्धा-पाऊण तास हाताशी हवा. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा धोक्याची असते हेही लक्षात घ्या. ती चालवायला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी घसरली की थेट बोटावर येते.

मी ओळखीतल्या अनेकांना हे काम शिकवलं आहे. जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी अडतात, म्हणून ती गोष्ट आधीच सांगायला हवी. पात्याचे दोन उतार जिथे भेटतात ती रेषा म्हणजे धार. सुरी बोथट होते तेव्हा ही रेषा झिजून गोल झालेली असते. एका बाजूचा उतार अगदी कडेपर्यंत घासला गेला की तिथला धातू पातळ होतो, दुसऱ्या बाजूला वळतो आणि कडेवर एक बारीक कंगोरा उभा राहतो. वर्कशॉपमध्ये याला ‘बर’ म्हणतात. बर आली म्हणजे दगड कडेपर्यंत पोहोचला. बर आली नाही तर तुम्ही तासभर घासलंत तरी धार लागलेली नाही, नुसतं पातं खरवडलं गेलं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका खुणेभोवती फिरतात.

काय काय लागेल

- दगड. एकच घेणार असाल तर १००० नंबरचा घ्या. दोन बाजूंचा मिळाला, म्हणजे एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ३००० किंवा ६०००, तर उत्तम.
- दगड सरकू नये म्हणून खाली घालायला ओला, जाडसर फडका. घडी करून पिळून घ्या.
- वाटीभर पाणी.
- काळा किंवा निळा मार्कर पेन. हा कुणी घेत नाही, पण शिकताना याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.
- चामड्याचा जुना पट्टा. नसेल तर वर्तमानपत्र चालेल.
- दगड सपाट करायला २२० नंबरच्या आसपासचा, पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर.

दगडाबद्दल थोडं सविस्तर. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. २२० ते ४०० खडबडीत, तुटक्या किंवा फार बोथट पात्यांसाठी. ८०० ते १००० मधले, रोजच्या कामाचे. ३००० च्या पुढचे धार घोटून गुळगुळीत करायला. पॉलिश पेपरचे आणि जपानी पद्धतीच्या दगडांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्यांची तुलना करत बसू नका.

हार्डवेअरच्या दुकानात ‘धारेचा दगड’ मागितला की बहुतेक वेळा करडा-काळा कार्बोरंडमचा दगड हातात पडतो. साधारण ८ इंच लांब, २ इंच रुंद, एक बाजू जाड आणि एक बारीक. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांना १८९१ साली कृत्रिम हिऱ्यासाठी खटपट करताना ते सापडलं, आणि तेव्हापासून धारेच्या धंद्यात ते टिकून आहे. हा दगड स्वस्त आणि टिकाऊ असतो. मात्र त्याची ‘बारीक’ बाजूसुद्धा १००० नंबरच्या मानाने बरीच खडबडीत असते. विळी, कोयता आणि फार बोथट झालेल्या सुऱ्यांसाठी तो छान. रोजच्या चांगल्या सुरीला मात्र त्याच्यानंतर १००० चा हात फिरवावाच लागतो.

१. तुमची सुरी कोणत्या जातीची आहे ते बघा

साध्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा लोखंडी पात्याच्या, सरळ धारेच्या सुरीवर हात बसवा. घरात दोन-तीन सुऱ्या असतील तर सगळ्यात साधी घ्या, महागडी नको.

पाव कापायची दातेरी सुरी या दगडावर घासू नका, दात जातील. पांढऱ्या सिरॅमिकच्या सुरीवर साधा दगड चालत नाही, तिला हिऱ्याची कणी बसवलेली प्लेट लागते. जपानी सुऱ्यांपैकी काहींना एकाच बाजूला उतार असतो. त्या सुरुवातीला बाजूला ठेवा.

२. धार गेली आहे की नुसती वळली आहे?

सुरी दिव्याखाली धरा, धार वर, डोळ्यासमोर. धारदार कड दिसतच नाही, कारण तिथे प्रकाश परतवायला जागाच नसते. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपके चमकतात तिथे पातं बोथट झालेलं आहे. कोणता भाग किती घासायचा ते इथेच कळतं. बहुतेक घरांत मधला भाग आणि टोक गेलेलं असतं, मुठीजवळचा भाग शाबूत असतो.

कधीकधी कड झिजलेली नसते, फक्त एका बाजूला कलंडलेली असते. अशा वेळी सुऱ्यांच्या संचाबरोबर येणारी लांब स्टीलची सळई पुरते. दोन्ही बाजूंनी चार-पाच हलके हात दिले की कड सरळ होते. ही सळई कड सरळ करते, नवी धार घडवत नाही. बोथट सुरीवर ती कितीही फिरवली तरी उपयोग शून्य. आणि फार कडक पोलादाच्या जपानी सुरीवर तर ती फिरवूच नका. तिथे कड वळत नाही, तिचा टवका उडतो.

३. दगड तयार करा

सच्छिद्र दगड पाण्यात बुडवा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटं. काही नवे दगड भिजवायचे नसतात, त्यांच्यावर नुसतं पाणी शिंपडायचं असतं. वेष्टनावर लिहिलेलं असतं ते वाचा. हिऱ्याची प्लेट भिजवायची गरज नाही.

दगडाला एकदा तेल लावलं की पुन्हा पाण्यावर तो नीट चालत नाही. जुन्या घरांत सापडणारा दगड बऱ्याचदा तेल पिऊन बसलेला असतो. त्याच्यावर तेलच वापरा.

ओट्यावर ओला फडका, फडक्यावर दगड. हाताने ढकलून बघा. जरासुद्धा हलला तर फडका पुन्हा पिळून घाला. उंची अशी हवी की कोपर सैल राहील. जमिनीवर मांडी घालून, पाटावर दगड ठेवूनही हे काम उत्तम होतं.

४. कोन ठरवा

घरच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन पुरतो. मऊ पोलादाच्या स्वस्त सुरीला २० ठेवा. फार निमुळती धार केली तर ती दोन दिवसांत वळते.

कोनमापक लागत नाही. सुरीची रुंदी, म्हणजे धारेपासून पाठीपर्यंतचं अंतर, पट्टीने मोजा. २० अंशांसाठी रुंदीला ०.३४ ने गुणा, १५ साठी ०.२६ ने. तेवढी पाठ दगडापासून वर हवी. ४० मिलिमीटर रुंदीच्या सुरीची पाठ २० अंशांना सुमारे १४ मिलिमीटर वर येते, १५ अंशांना १० मिलिमीटर. गणित नको असेल तर कागदाचा काटकोनी कोपरा एकदा निम्मा दुमडा, पुन्हा एकदा निम्मा दुमडा. २२.५ अंशांचा कोन तयार. सुरी त्याच्यापेक्षा जराशी खाली धरा.

अंश दोन-तीन इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. पण धरलेला कोन दर हाताला बदलता कामा नये. मनगट ताठ ठेवा आणि हालचाल खांद्यातून, कोपरातून येऊ द्या. मनगट हललं की पातं झुलतं, आणि झुलणारं पातं कड पुन्हा गोल करतं.

आता मार्कर काढा आणि दोन्ही उतारांवर कडेलगत शाई फासा. दगडावर दोन-तीन हलके हात द्या आणि बघा. शाई फक्त वरच्या भागातून गेली, कडेला राहिली, तर कोन कमी आहे, पाठ जरा उचला. फक्त अगदी कडेची गेली तर कोन जास्त आहे, पाठ खाली आणा. पूर्ण उतारावरची शाई सारखी गेली तर कोन जमला. शाई पुन्हा फासा, पुन्हा तपासा. पहिल्या दिवशी असं बरेचदा करायला लागतं आणि त्यात गेलेला वेळ सगळा वसूल होतो.

५. पहिली बाजू: बर येईपर्यंत थांबायचं नाही

उजव्या हाताने मूठ धरा. डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्यावर, कडेच्या अलीकडे टेकवा. बोटं जिथे असतात तिथेच दगड घासतो, म्हणून घासायचा भाग बदलला की बोटंही सरकवायची. टोकापासून सुरुवात करा आणि बोटाबोटाने मुठीकडे या. डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं.

सुरी पुढे-मागे चालवा. दाब एकाच दिशेला द्या: पाठ पुढे आणि धार मागे ओढली जात असताना दाबा, परतताना हात हलका सोडा. दगडाची पूर्ण लांबी वापरा, नाहीतर मध्ये खळगा पडतो. टोकाजवळ पातं वळतं, तिथे मूठ थोडी वर उचला म्हणजे कोन तोच राहतो. टोक बोथट राहण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

दाब किती? वजनकाट्यावर दगड ठेवून एकदा अंदाज घ्या. सुरुवातीला किलोभर पुरतो. जास्त जोराने काम लवकर होत नाही, उलट कोन ढळतो.

दगडावर काळपट चिखल जमेल. जपानी पद्धतीच्या दगडावर तो धुऊन टाकू नका, तो घासायला मदत करतो. दगड सुकला तर थेंबभर पाणी सोडा. कार्बोरंडमच्या दगडावर मात्र कण तुंबले की धुऊन घ्या.

आता बर शोधा. सुरी पुसा. ज्या बाजूने घासत होता त्याच्या विरुद्ध बाजूला अंगठ्याचं पोट पाठीकडून धारेकडे आडवं, हलकेच सरकवा आणि कडेवरून बाहेर न्या. कडेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवायचं नाही, कापतं. काहीतरी बारीक खरखरीत, नखाला अडकेल असं लागलं तर ती बर. टोकापासून मुठीपर्यंत ती सलग लागली पाहिजे. मध्ये एक बोटभर जागा गुळगुळीत लागली तर तेवढीच जागा पुन्हा घासा.

इथेच लोक कंटाळतात. किती वेळा घासायचं, दहा की वीस, असं मला नेहमी विचारलं जातं. आकडा नाही. गेलेली सुरी असेल तर पहिल्यांदा एका बाजूला १५-२० मिनिटंसुद्धा लागतात. थोडी बोथट असेल तर दोन मिनिटांत बर येते. आकडा मोजून बाजू बदलणाऱ्यांची सुरी टोमॅटोवर पुन्हा घसरते आणि मग दोष दगडाला जातो. बर येतच नसेल तर मार्कर लावून बघा, दगड कडेपर्यंत पोहोचत नसणार. किंवा सुरी इतकी गेली आहे की १००० च्या आधी खडबडीत दगड हवा.

६. दुसरी बाजू

सुरी उलटा आणि तोच कोन, तीच पद्धत. उजव्या हाताने मूठ तशीच ठेवून धार तुमच्यापासून लांबच्या दिशेला येईल अशी धरा. अवघड वाटलं तर हात बदलला तरी चालेल. आता बर पहिल्या बाजूला सरकेपर्यंत घासा. दुसरी बाजू सहसा लवकर होते. दोन्ही बाजूंना साधारण सारखं काम झालं पाहिजे, नाहीतर काही महिन्यांत धार मधोमध राहत नाही.

७. बर काढून टाका

बर आणली, पण ती तशीच सोडली तर फसगत होते. अशी सुरी पहिल्यांदा वस्तऱ्यासारखी चालते, आणि दोन कांदे झाले की पुन्हा बोथट. लोक म्हणतात धार टिकत नाही. धार लागलेलीच नसते, कापत असते ती उभी राहिलेली बर, आणि ती पाटावर टेकली की मोडते.

दाब निम्मा करा आणि प्रत्येक बाजूने पाच-पाच हात द्या. मग तीन-तीन. मग एक-एक, सुरीचं नुसतं वजन पडेल इतके हलके. या शेवटच्या हातांना धार पुढे ठेवून चालवा, जणू दगडावरून पातळ पापुद्रा काढता आहात. बारीक दगड असेल तर हेच त्याच्यावर करा. नंतर लाकडाच्या कडेवरून धार एकदा हलकेच ओढली की सैल झालेली बर सुटते.

शेवटी पट्टा. तो फळीवर ताणून धरा, चामड्याची खरखरीत बाजू वर. सुरी पाठ पुढे ठेवून ओढा, म्हणजे धार मागून येईल. दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात. उलट दिशेने नेलंत तर पट्टा कापला जाईल. चामडं नसेल तर दगडावर वर्तमानपत्राच्या दोन घड्या घालून त्यावर ओढा, चांगला परिणाम मिळतो.

३००० च्या पुढे जायचं का? माझ्या मते स्वयंपाकघरात गरज नाही. १००० च्या धारेला थोडी पकड असते आणि टोमॅटो, मिरची, कोथिंबीर यांना तीच हवी. फार घोटलेली धार टोमॅटोच्या सालीवर कधीकधी उलट घसरते. ६००० वर मेहनत करण्यापेक्षा तो वेळ बर नीट काढण्यात घालवा.

८. तपासा

सुरी धुऊन, पाठीकडून धारेकडे पुसा. वर्तमानपत्राचा कागद एका हातात उभा धरा आणि मुठीपासून टोकापर्यंत कापा. जिथे कागद फाटतो किंवा अडतो तिथे थोडी बर राहिली आहे किंवा तो भाग घासायचा राहिला आहे. मग पिकलेला टोमॅटो घ्या. साल जोर न लावता, नुसत्या ओढीने कापली गेली पाहिजे. दिव्याखाली पुन्हा बघा. चमकणारी रेघ नसावी.

९. विळी, कोयता आणि कात्री

विळीचं पातं वाकडं आणि पाटाला बसवलेलं असतं, ते सपाट दगडावर फिरवता येत नाही. तिथे पातं स्थिर ठेवा आणि दगड चालवा. हातात मावेल असा छोटा दगड, किंवा कार्बोरंडमचा तुकडा, पात्याच्या उतारावर टेकवून वक्राबरोबर सरकवत न्या. दगडाच्या मागे बोटं धरा, कडेपलीकडे येऊ देऊ नका. जाड हातमोजा घातला तर बरं. विळीवरची खवणी आधी फडक्याने बांधून टाका, पहिली जखम तिथेच होते. बर इथेही तशीच बघायची. लोखंडी विळी धुतल्यावर लगेच कोरडी करा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा.

नारळ सोलायच्या, फोडायच्या कोयत्याला निमुळती धार नको, टवके उडतात. प्रत्येक बाजूने २५ ते ३० अंश ठेवा. कार्बोरंडमची जाड बाजू पुरेशी आहे.

कात्रीची आतली, एकमेकांवर घासणारी बाजू सपाट राहिली पाहिजे. तिथे उतार पाडला की कात्री कामातून गेली. फक्त बाहेरच्या उताराला, आहे त्याच कोनात दगड लावा, आणि आतली बर सपाट दगडावर पातं पूर्ण टेकवून एका हलक्या हाताने काढा.

१०. कुठे फसाल

खोबणीतून सुरी ओढायचं उपकरण सगळीकडे मिळतं. त्यातल्या कडक पत्त्या धातू ओरबाडून काढतात, कोन ठरलेला असतो आणि कड खडबडीत होते. घाईच्या वेळी ठीक, चांगल्या सुरीला नको.

फिरत्या चाकावर धार लावून घेत असाल तर एक गोष्ट बघा: कारागीर पातं मधूनमधून पाण्यात बुडवतो का? कोरड्या चाकावर पातळ कड झटकन तापते. कडेला निळसर रंग चढला तर तिथलं पाणी उतरलं. पोलाद मऊ पडलं, आणि निळा भाग पूर्ण घासून जाईपर्यंत तिथे धार टिकणार नाही. जाणता कारागीर पाण्याचा डबा जवळ ठेवतोच. मोठा टवका उडालेली, टोक मोडलेली किंवा वाकलेली सुरी अशाच कारागिराकडे द्या. ते काम घरच्या दगडाचं नाही.

धार लवकर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण पाट असतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर, काचेच्या पाटावर किंवा स्टीलच्या ताटात कापलं की एका जेवणात कड वळते. लाकडाचा पाट वापरा. कापलेली भाजी सुरीच्या धारेने खरवडून कढईत लोटू नका, पाठ वापरा. सुरी सिंकमध्ये भांड्यांखाली टाकू नका, आणि खणात सुटी ठेवायची असेल तर पुठ्ठ्याचं आवरण घाला.

११. दगड सपाट ठेवा

दगड मधोमध झिजतो. झिजलेल्या दगडावर कोन धरता येत नाही, कारण दगडच वाकडा झालेला असतो. दोन-तीनदा वापरलात की दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा. जाड काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर पॉलिश पेपर पसरा, पाणी घाला आणि दगड गोल-गोल घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. कडा थोड्या गोलसर करा, नाहीतर त्यांचे तुकडे पडतात. मग धुऊन सावलीत वाळवा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलात तर भेगा जातात. पूर्ण सुकल्याशिवाय डब्यात बंद करू नका.

रोज स्वयंपाक होणाऱ्या घरात मुख्य सुरीला दोन-तीन महिन्यांनी १००० चा हात पुरतो. मधल्या काळात आठवड्याला पट्ट्यावर दहा हात दिले तर तेही लांबतं. दुसऱ्या वेळेपासून कोन आधीच बसलेला असतो, त्यामुळे बर दोन-चार मिनिटांत येते.